घाट उतरून जहाजापर्यंत: पहिल्या क्रूझची तयारी

आमची पहिली क्रूझ ठरली ती सासूबाईंमुळे. समुद्र त्यांनी जुहूला आणि गणपतीपुळ्याला पाहिला होता, पण तो किनाऱ्यावर उभे राहून. चहूकडे पाणीच पाणी आहे आणि जमीन कुठेच दिसत नाही, असा समुद्र एकदा डोळे भरून पाहावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, तरी ती पूर्वेकडे वळून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या नाशिकच्या गोतावळ्यात जहाजाने दूरचा प्रवास केलेले कोणी नव्हते, त्यामुळे सगळी माहिती मुळापासून गोळा करावी लागली. त्या शोधाशोधीतून जे हाती लागले, ते आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

आमच्या आखणीची सुरुवात सासूबाईंच्या गुडघ्यांपासून झाली. घरातल्या ज्या माणसाला सर्वांत जास्त जपायचे आहे, त्याला झेपेल असा मार्ग आधी ठरवावा आणि हौसमौज त्यात बसवावी, हे आम्ही पहिल्याच दिवशी नक्की केले. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ गोवा, लक्षद्वीप आणि कोची या बाजूंना जातात. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याची छायाचित्रे पाहून आमच्या लेकीने तोच हट्ट धरला होता, आणि तो वावगाही नव्हता. परंतु तेथील बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि उथळ पाणी असल्यामुळे मोठे जहाज बेटाला लागू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींत उतरून किनारा गाठावा लागतो. हलत्या बोटीत पाय टाकणे गुडघेदुखी असलेल्या माणसाला कितपत जमेल, याची आम्हाला खात्री वाटेना. गोव्याला मात्र जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते आणि प्रवासी थेट जमिनीवर उतरतात. मुरगावहून पणजी सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि ज्यांना उतरायचे नसेल त्यांना दिवसभर जहाजावरच राहता येते. म्हणून मुंबई–गोवा–मुंबई हा मार्ग घेतला. लेकीला लक्षद्वीपचे वचन दिले आहे आणि ते पाळायचे आहे.

तारखेच्या बाबतीत सासऱ्यांचे म्हणणे आम्ही प्रमाण मानले. त्यांच्या पिढीच्या मनात बोट म्हटले की ‘रामदास’ बोटीची आठवण पहिल्यांदा येते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसाळ्यात वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजच्या जहाजाची आणि त्या बोटीची तुलना होऊ शकत नाही, हे त्यांना सांगितले, त्यांना पटलेही. तरीही पावसाळ्यातल्या अरबी समुद्राविषयी त्यांचा धाक मला रास्तच वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामागे माशांच्या प्रजननाइतकेच खवळलेल्या समुद्राचेही कारण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात समुद्र सहसा शांत असतो, म्हणून आम्ही डिसेंबर निवडला आणि नाताळच्या गर्दीचा आठवडा टाळला. त्यानंतर सासूबाईंनी भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढले आणि संकष्टी कोणत्या दिवशी येते ते पाहून दोन तारखा बाद केल्या. चंद्रोदयाची वाट पाहत उपवास सोडायचा आणि त्यात परक्या ठिकाणी जेवणाच्या वेळा सांभाळायच्या, ही ओढाताण त्यांना नको होती. एरवी खाण्यापिण्याची चिंता नव्हती, कारण शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असल्याचे आरक्षणाच्या वेळीच विचारून घेतले होते.

केबिनची निवड हा सगळ्यात बारकाईने करण्याचा भाग आहे, आणि माझ्या मते बहुतेक लोक त्यावर फारच थोडा वेळ खर्च करतात. आम्ही ज्या ‘एम्प्रेस’ जहाजाने गेलो, ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले, सुमारे २११ मीटर लांबीचे जहाज आहे आणि कॉर्डेलिया कंपनी २०२१पासून ते मुंबईहून चालवते. त्या काळच्या बांधणीमुळे त्यात बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत. बाकीच्या एक तर खिडकीच्या किंवा पूर्ण आतल्या, जिथे दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. पैसे वाचवायचे असतील तर आतली केबिन वाईट नाही, पण समुद्र पाहण्यासाठीच निघालेल्या माणसाला मी ती सुचवणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे केबिन जहाजाच्या कोणत्या भागात आहे. जहाज डोलते तेव्हा त्याची दोन्ही टोके सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि वरचे मजले जास्त झुलतात. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. मी जहाजाचा नकाशा छापून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मध्यभागातील केबिनच्या वर-खाली काय आहे, ते पेन्सिलीने लिहीत गेले: इथे नाट्यगृह, इथे डिस्को, इथे स्वयंपाकघर. ज्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे फक्त केबिनच होत्या, त्या ओळीतल्या लिफ्टजवळच्या दोन शेजारशेजारच्या खोल्या मागून घेतल्या. आणखी एक गोष्ट विचारावी. जहाजाच्या न्हाणीघराच्या दाराला बहुधा उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री झोपेत उठणाऱ्या वयस्कर माणसाला तो अडखळवतो, म्हणून सासूबाईंच्या सामानात एक छोटा बॅटरीवरचा दिवा ठेवला.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगते. जाहिरातीत दिसणारे भाडे बहुधा एका खोलीत दोघे राहतील असे धरून माणशी असते. त्यावर बंदर शुल्क, सेवकवर्गाचे शुल्क आणि जीएसटी येतो, तेव्हा शेवटच्या आकड्यावरच तुलना करावी. मुख्य उपाहारगृहांतले जेवण भाड्यात धरलेले असते, तर मद्य, खास उपाहारगृहे, गोव्यातली सहल आणि इंटरनेट यांचे पैसे वेगळे पडतात. जहाजावर डॉक्टर आणि दवाखाना असतो, पण तोही फुकट नसतो.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच होती, कारण कसारा घाटात गाडी लागणारे आमच्या घरात दोघे आहेत. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हालचाल टिपतो आणि बंद खोलीत डोळ्यांना मात्र सगळे स्थिर दिसते, या दोन निरोपांच्या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून अशा वेळी खोलीत पडून न राहता उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे. आमच्या कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, ती आधी घ्यावी लागते. आणि या गोळ्यांनी झोप येते, म्हणून वयस्कर माणसाने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण गुंगीत तोल जाऊन पडण्याचा धोका मळमळीपेक्षा मोठा असतो. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाहून त्यांनी मात्रा ठरवून दिली. जोडीला मी घरीच आलेपाक करून पाहिला होता, पण घरचे पदार्थ बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, असे कळल्यावर तो आणि नाशिकचा चिवडा, दोन्ही मुलुंडला नणंदेकडे उतरवले.

निघण्याआधी काही आठवडे सासूबाई रोज संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नवे बूट घालून चालल्या. बूट सैल करून घेणे हा एक हेतू, आणि जहाजावरच्या लांबच लांब बोळांची सवय हा दुसरा. हा सराव मला सामानाच्या यादीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

सामान भरताना ध्यानात ठेवावे की मोठी बॅग धक्क्यावर चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि ती खोलीवर पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, सर्वांची मूळ आधार कार्डे, चार्जर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. सासूबाईंनी जुन्या खणाच्या कापडाची एक पिशवी शिवली होती, तिला सात कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर वाराचे नाव रेशमाने भरलेले. ती त्यांनी गळ्यातून काढलीच नाही. इस्त्री, पाण्याची किटली आणि मेणबत्ती या वस्तू आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाहीत, म्हणून चुरगळणाऱ्या सुती साड्या घरी ठेवल्या. वरच्या मजल्यावर वारा पदर टिकू देत नाही, तेव्हा भरपूर सेफ्टी पिना आणि एक-दोन पंजाबी ड्रेस जवळ असणे बरे. किनारा दूर गेला की मोबाइल जहाजावरचे उपग्रहाचे नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर फार असतात, म्हणून सर्वांचे फोन विमान मोडवर ठेवायचे ठरवले आणि धाकट्या दिरांना तशी कल्पना देऊन ठेवली.

नाशिकहून सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेस धरली तर दुपारच्या जहाजासाठी वेळेत सीएसएमटीला पोहोचता येते, आणि तेथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज जिथून सुटते तो धक्का, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तरुण मंडळींनी खुशाल तसे करावे. पण जहाजाचे प्रवेशद्वार सुटण्याच्या बरेच आधी बंद होते आणि उशिरा आलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. घाटात गाडी रखडली तर सगळ्या तयारीवर पाणी पडेल, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघून नणंदेकडे मुक्काम केला. त्या निवांत झोपेचा सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी फार उपयोग झाला, कारण धक्क्यावर रांगेत बराच वेळ उभे राहावे लागले. सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची आधीच मागितली होती, ती मिळाली.

जहाजावर चढल्यावर सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत होते. काही प्रवासी ती टाळू पाहतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रातील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसे दगावली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर, २०१५पासून, ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की नेमून दिलेल्या जागी जमायचे, लिफ्ट वापरायची नाही. कवायत संपल्यावर सासऱ्यांनी आम्हा सर्वांना केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने पुन्हा एकदा चालवले. सासूबाई कठडा धरून सावकाश चढल्या आणि वाटेत कुठे टेकता येईल ते पाहून ठेवले. परत येताना मी रात्रीच्या जेवणाची वेळ नोंदवली. दोन वेळा देऊ केल्या होत्या, त्यांतली लवकरची घेतली, कारण सासऱ्यांची गोळी साडेआठला असते.