अमेरिकेतून आलेला कॉर्डलेस काढून घरचा फोन नियमात बसवताना

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात फायबरची लाइन आली. तिच्यावर फोन जोडण्याआधी मी कॉर्डलेसचा बेस उलटा करून तळाचं लेबल वाचलं. ‘डेक्ट 6.0’ (डेक्ट म्हणजे कॉर्डलेस फोनचं एक तंत्र), ‘1.9 गिगाहर्ट्झ’ आणि एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, क्रमांक. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही. तो सेट अमेरिकेसाठी बनलेला आहे आणि भारतात तो लावायचा नाही.

6.0 हे नुसतं विक्रीसाठीचं नाव आहे. त्याचा सहा गिगाहर्ट्झशी संबंध नाही. हे सेट 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतात आणि अमेरिकेत तो पट्टा अशा घरगुती फोनना मोकळा आहे. आपल्याकडे 1920 ते 1980 मेगाहर्ट्झ हा मोबाइलच्या 2100 बँडचा अपलिंक आहे, म्हणजे लोकांच्या खिशातले मोबाइल याच पट्ट्यातून टॉवरशी बोलतात. मोबाइलचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचेस्तोवर अगदी क्षीण झालेला असतो, त्यामुळे टॉवरचा रिसीव्हरही तितकाच हळवा असतो. ठाण्यात टॉवर असतात सोसायट्यांच्या गच्चीवर आणि समोरच्या इमारतीचा दहावा-अकरावा मजला नेमका त्या उंचीला येतो. मध्ये असते फक्त खिडकीची काच.

‘आम्ही दिवसातून दोनच कॉल करतो’ हे कारण इथे चालत नाही. हँडसेटला बेस सापडावा म्हणून बेस दर 10 मिलिसेकंदांनी खूण पाठवतच राहतो, फोन पाळण्यात, म्हणजे बेसवरच्या चार्जिंगच्या खाचेत, असला तरी. घरात काहीच जाणवत नाही. फोन स्वच्छ ऐकू येतो, आणि कॉल तुटतात ते शेजाऱ्यांचे. त्यात कुणाचा रुग्णवाहिकेला लावलेला कॉलही असू शकतो. म्हणूनच हा मुद्दा मला कागदी नियमाचा वाटत नाही. कायद्यानेही बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यावर 1933 च्या कायद्यापासून बंधन आहे. सूट मिळते ती ठरावीक पट्ट्यांतल्या कमी ताकदीच्या यंत्रांना, आणि 1920 ते 1930 हा पट्टा त्यात येत नाही.

अ‍ॅडॉप्टरचं लेबलही वाचलं: इनपुट 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. असा अ‍ॅडॉप्टर आपल्या 230 व्होल्टला लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर तापून जळतो. पुष्कळ घरांत त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणतात. त्याने अ‍ॅडॉप्टर वाचतो, पण बेस त्याच चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर चालू राहतो. हा खर्च करू नका.

नवा सेट दुकानात बघताना खोका बाजूला ठेवून बेस हातात घेतला. वायरलेस उपकरणाला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी सरकारी मंजुरी, लागते. शिवाय कॉर्डलेस आणि साधे दोन तारांचे फोन 1 ऑक्टोबर 2019 पासून दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या सक्तीच्या चाचणी-प्रमाणपत्राखाली आले आहेत. दोन्हींबद्दल दुकानदाराला विचारायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. मी 2.4 गिगाहर्ट्झचा सेट घेतला. तो पट्टा आपल्याकडे मोकळा आहे, पण वायफायही तिथेच असतं. दोन्ही शेजारी ठेवले तर बोलताना खरखर येते. बेस राउटरपासून चांगला लांब ठेवला आणि लॅपटॉप, टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर हलवले.

आता जोडणी. फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, फोनचं वेगळं पोर्ट असतं. त्यात आरजे-11 ची, म्हणजे टेलिफोनच्या नेहमीच्या छोट्या पिनेची, वायर थेट लावली की काम झालं. घरातल्या जुन्या सॉकेटांतून फोन फिरवायचा असेल, तर मात्र आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या जोडडबीतून, सोडवायचीच. एक्स्चेंजची ती लाइन जिवंत असली तर तिच्यावर साधारण 48 व्होल्ट डीसी असतो आणि ओएनटीही स्वतःचा व्होल्टेज देत असतो. दोन्ही एकमेकांना भिडले तर पोर्ट जातं. मल्टिमीटर डीसी 200 वर ठेवून बाहेरच्या जोडीवर मोजायचं. लाइन मेली असं समजू नका, आकडा बघा. उघड्या तारांना हात लावायचा नाही, कारण रिंग येते तेव्हा 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगलाच झटका बसतो.

माझ्या रोझेटचे स्क्रू काढले तेव्हा तांब्यावर हिरवट चुरा साठलेला होता. पावसाळ्यातली ओल. तेवढा भाग कापून, तार ताजी सोलून पुन्हा आवळली. लाइनवरची घरघर बहुतेक वेळा अशाच सांध्यात सापडते. ओएनटीची रिंग द्यायची ताकद मर्यादित असते, म्हणून एका पोर्टवर दोनच सेट ठेवले. जुने घंटीचे फोन तीन-चार जोडले की रिंग मरतुकडी होते.

त्या दोनांतला एक मुद्दाम साधा, तारेचा आहे. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, फायबरला ती घरातून द्यावी लागते. वीज गेली की ओएनटी बंद आणि कॉर्डलेसचा बेसही बंद. ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचून (माझ्याकडे 12 व्होल्ट, 1 अँपिअर) त्याला जुळणारा मिनी यूपीएस लावला. साध्या फोनला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही, त्यामुळे अंधारातही 112 लागू शकतो. ओएनटी आणि कॉर्डलेस यांच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिना पुष्कळदा एकसारख्या दिसतात. 6 व्होल्टच्या बेसला 12 व्होल्टची पिन बसते आणि बेस जळतो. मी दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावून नावं लिहिली आहेत.

हँडसेटमध्ये फक्त निकेल-मेटल-हायड्राइडचे 1.2 व्होल्टचे सेल घालायचे. घड्याळाचे साधे अल्कलाइन सेल मापाने बसतात, पण पाळणा त्यांनाही चार्ज करू लागतो आणि ते गळतात, कधी फुटतात. पहिलं चार्जिंग पुस्तिकेत दिलंय तेवढे तास पूर्ण केलं. गॅसचा वास आला तर कुठलाही फोन त्या खोलीत उचलायचा नाही. बाहेर जाऊन मग 1906 हा गॅसगळतीचा मदतक्रमांक लावायचा. तांब्याची लाइन अजून ज्यांच्याकडे आहे त्यांनी विजा कडाडत असताना तारेचा फोन कानाला लावू नये.

जुना अमेरिकी सेट गावी कुणाला दिला नाही, विकलाही नाही, कारण तो जिथे जाईल तिथल्या टॉवरला त्रास देईल. सेल काढले, त्यांच्या टोकांना टेप लावली आणि बेस, हँडसेट, अ‍ॅडॉप्टर असं सगळं अधिकृत ई-कचरा संकलनात दिलं.