अन्स्टची उंदीरकानी

ॲबर्डीनहून रात्रभराची बोट, लर्विकहून गाडी, मग वाटेत आणखी दोनदा गाडी बोटीत चढवायची, तेव्हा कुठे अन्स्ट येतं. शेटलंडचं हे बेट म्हणजे ब्रिटनची सर्वांत उत्तरेकडची वस्ती. एका फुलासाठी एवढा खटाटोप? आईने फोनवर विचारलंच, "कास जवळ नव्हतं का गं तुला?"

कीन ऑफ हामारची टेकडी पाहून पहिल्यांदा तर माझाही हिरमोड झाला. रस्त्याच्या कामाला आणून टाकलेली खडी असावी, तसा उघडाबोडका उतार. खडक सर्पेंटाइनचा. मॅग्नेशियम, निकेल भरपूर, झाडांना लागणारं पोषण नाममात्र, आणि पाणी टिकतच नाही. ओणवं होऊन शोधताना पाठीचा काटा ढिला झाला, तेव्हा दिसलं: बोटभर रोप, काळपट जांभळी लवदार पानं आणि त्या मानाने केवढं मोठं पांढरं फूल! पानांवरून इंग्रजीत याला 'शेटलंड माऊस-इअर' म्हणतात. आपली उंदीरकानी वेगळी, पण नाव ठेवणाऱ्यांचं डोकं मात्र सारखंच चाललेलं दिसतं.

हे फूल 1837 मध्ये इथल्याच थॉमस एडमंडस्टन नावाच्या मुलाने हेरलं. वय वर्षं 11! पुढे 1845 मध्ये त्याने शेटलंडच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं. एकोणिसाव्या वर्षी ग्लासगोत वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, 'हेरल्ड' जहाजावर निसर्गअभ्यासक म्हणून निघाला आणि 1846 च्या जानेवारीत, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, चुकून सुटलेल्या गोळीने गेला. विशीत.

त्याच्या फुलाची जात मात्र अजून भांडणात आहे. ते आर्क्टिक भागातल्या नातेवाइकाचा नुसता एक प्रकार, असं बराच काळ मानत. आज कोणी त्याला 'सेरॅस्टियम नायग्रेसेन्स' ही स्वतंत्र जात धरतं, तर कोणी त्याच जातीत नॉर्वेची रोपंही घालून शेटलंडचं रूप हा तिचा उपप्रकार म्हणतं. मला हा वाद कोरडा वाटायचा. पण स्वतंत्र धरलं, तर जगात ते फक्त या एका बेटावर. नाही धरलं, तर नॉर्वेतही आहेच की! दुर्मीळ कशाला म्हणायचं, ते असं नावापाशी येऊन ठेपतं.

टेकडी आता राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. तरी रोपांची संख्या वर्षागणिक बरीच वरखाली होते. परतताना खडीत पाऊल टाकायच्या आधी दर वेळी खाली बघत होते. दोनशे मीटरला अर्धा तास लागला.