टर्मिनल उघडेना तेव्हा

आमच्या टीममध्ये नवीन मुलांची मशिन्स लावून देण्याचं काम माझ्याकडे असतं. उबंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली, गिट, डॉकर, एडिटर, एसएसएच की... दुपारपर्यंत सगळं होतं. त्या दिवशी मात्र जेवणाआधीच एक नवी मुलगी आली. "दादा, टर्मिनलच उघडत नाहीये. क्लिक केलं की नुसतं चक्र फिरतं आणि थांबतं." टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. ब्राउझर, एडिटर सगळं ठीक चालत होतं.

"फॉरमॅट करू का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. फॉरमॅट केल्यावर बिघाड जातो, पण कारणही त्याच्याबरोबर जातं, आणि मला कारण हवं होतं. कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं आणि ग्नोम-टर्मिनल, म्हणजे तेच टर्मिनल, तिथूनच चालवून पाहिलं. पायथॉनचा ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणारा संदेश, आला: 'जीआय' मॉड्यूल इम्पोर्ट होत नाही.

तिथे उलगडा झाला. टर्मिनल सी भाषेत लिहिलेलं असलं तरी उबंटूत ते सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट पायथॉनची आहे. ती सिस्टिमच्या पायथॉनवर चालते. 22.04 मध्ये तो 3.10 असतो आणि 'जीआय'चा आतला भाग त्याच्यासाठीच कंपाइल केलेला असतो. प्रोजेक्टला 3.11 लागत होता, म्हणून तिने तो डेडस्नेक्सच्या पीपीएमधून (उबंटूबाहेरच्या पॅकेज-साठ्यातून) घेतला आणि अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या कमांडने 'पायथॉन3' नावाची लिंक त्याच्याकडे वळवली. त्यामुळे ती स्क्रिप्टही 3.11 वर चालू लागली आणि अडली. नेटवर जागोजागी हाच उपाय सांगितलेला असतो, त्यामुळे तिला बोल लावणं अन्यायाचं होतं.

लिंक पुन्हा 3.10 कडे वळवली. टर्मिनल उघडलं. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 3.11 चं वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं स्वतंत्र पायथॉन, बनवलं आणि पॅकेजेस तिथे टाकली. उबंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या डेबियनमध्ये 12 पासून पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस टाकणारं साधन, थेट सिस्टिममध्ये पॅकेज टाकायला नकार देतो. लोक त्यावर चिडतात, मला तो नकार मोलाचा वाटतो.

तिला एवढ्यावर राहवेना. आणखी काय काय बंद पडलं असतं, म्हणून तिने सिस्टिमच्या पायथॉनवर चालणाऱ्या स्क्रिप्ट शोधून काढल्या. फायरवॉलचं यूएफडब्ल्यू, अ‍ॅड-एपीटी-रिपॉझिटरी, शिवाय सिक्युरिटी अपडेट्स आपोआप टाकणारं अनअटेंडेड-अपग्रेड. शेवटच्या नावाशी मी थांबलो. टर्मिनल उघडलं नाही म्हणून ती धावत आली. ते चाललं असतं, तर सिक्युरिटी अपडेट्स बंद पडल्याचं आम्हाला कळलंही नसतं.