मेकॅनिकलमधून फायनान्शियल इंजिनिअरिंग: माझी दीड वर्षांची तयारी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी दोन वर्षं क्वालिटीत होते. साच्यात ओतलेलं लोखंड कुठून आधी थंड होतं, आत पोकळी का राहते, हे रोज बघायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत वाचलं, की ब्लॅक आणि शोल्स या अर्थतज्ज्ञांनी १९७३ साली मांडलेलं ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला पुढे शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या) किमतीचं समीकरण चलं बदलून लिहिलं तर उष्णतावहनाचं समीकरण होतं. आमचं कास्टिंग ज्या गणितानं थंड होतं, तेच हे. त्या रात्री झोप लागली नाही. याच विषयात, म्हणजे अशा गणितानं बाजारातल्या किमती आणि जोखीम मोजणाऱ्या फायनान्शियल इंजिनिअरिंगमध्ये, मास्टर्स करायचं, हे तेव्हाच ठरलं.

घरी सांगितलं तर काकू म्हणाली, "शेअर मार्केटचा क्लास लावलीस काय?" तसं नाही हे समजावण्यात बरेच दिवस गेले.

कोर्सेसच्या अटी वाचल्या. कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी, शिवाय सी प्लस प्लस किंवा पायथन. पहिली तीन व्हीटीयूच्या (आमच्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या) गणितात झाली होती, उजळणीवर भागलं. अडलं ते प्रोबॅबिलिटीत. परीक्षेपुरती सूत्रं पाठ होती, पण कंडिशनल एक्स्पेक्टेशन (काही माहिती हाती असताना काढलेली सरासरी) म्हणजे नेमकं काय, हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सहा महिने शिफ्टनंतर रोज दोन तास फक्त तेवढंच केलं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: फायनान्सचे जाडे ग्रंथ नंतर उघडा, आधी प्रोबॅबिलिटी पक्की करा. इतोचा सिद्धांत, म्हणजे बेभरवशी हलणाऱ्या किमतींचं कॅल्क्युलस, त्याशिवाय कळत नाही. नेहमीच्या कॅल्क्युलसमध्ये अतिसूक्ष्म बदलाचा वर्ग आपण सोडून देतो. ब्राउनियन गतीत (क्षणोक्षणी कशीही वरखाली होणाऱ्या हालचालीत) तो सोडता येत नाही, कारण तो साठत साठत, गेलेल्या वेळेएवढा भरतो. एवढं पचायला मला महिना लागला.

ऑप्शन मात्र मला येळ्ळूरच्या काकांमुळे कळला. बैलजोडी ठरवताना ते इसार देतात. मन बदललं तर इसार बुडतो, त्यापलीकडे काही नाही. ऑप्शन घेताना द्यायची रक्कम, म्हणजे प्रीमियम, तोही असाच, फरक इतकाच की व्यवहार झाला तर इसार किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही.

मग प्रश्न उरतो, इसार किती असावा? वहीत एक उदाहरण मांडलं. शेअर आज १००, उद्या १२० किंवा ९०. व्याज शून्य धरू. १०० ला घेण्याचा हक्क उद्या २० चा होईल किंवा शून्याचा. आता दोन तृतीयांश शेअर घ्या आणि ६० रुपये उसने काढा. भाव १२० झाला तर ८० वजा ६०, म्हणजे २०. ९० झाला तर ६० वजा ६०, शून्य. तोच हक्क हातानं तयार झाला आणि त्याला आज लागले ६ रुपये ६७ पैसे. हीच त्याची किंमत. भाव वाढण्याची शक्यता किती, हे यात कुठंच विचारलं नाही! याचं मला फार नवल वाटलं, अजूनही वाटतं.

कोडिंगमध्ये फौंड्रीच कामी आली. पायथनमध्ये ऑप्शनचं तेच समीकरण सोडवताना किमती अचानक लाखांत उधळायला लागल्या. दोन रात्री चूक सापडेना. मग कॉलेजातलं हीट ट्रान्स्फर आठवलं: एक्स्प्लिसिट पद्धतीत (आत्ताच्या आकड्यांवरून थेट पुढचे काढतात ती) डिफ्युझिव्हिटी (उष्णता किती झटकन पसरते तो आकडा) गुणिले वेळेची पायरी, भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग, हे अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. वेळेची पायरी लहान केली, उत्तर जागेवर आलं. अर्जासोबतच्या निबंधात मी हाच प्रसंग लिहिला. "लहानपणापासून आकड्यांची आवड" असलं काही लिहिलं नाही.

जीआरई ही प्रवेशाची परीक्षा झाली, मच्छेला विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत दाखला) आणली. जास्त दमवलं ते कर्जानं. बँकेनं तारण मागितलं, आम्ही शेताचा उतारा नेला. शेतजमीन चालत नाही म्हणाले, घराची कागदपत्रं आणा. ती सगळी कन्नडमध्ये. आप्पांना, माझ्या वडिलांना, कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारच्या सरांनी दोन संध्याकाळी बसून ओळन् ओळ समजावून दिली, तेव्हा कुठं आप्पांनी सही केली.

प्रवेशाचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, जागा राखायला अमुक रक्कम भरा, आला नाहीत तर परत मिळणार नाही, आलात तर फीमध्ये वळती होईल. आप्पांना वाचून दाखवलं.

"म्हणजे इसार द्यायलीस की," ते म्हणाले, आणि पासबुक काढायला आत गेले.