पिलाटीजची वही: लावणीपासून सुपारीपर्यंत

मागची नोंद भाताच्या लावणीच्या आधीची होती. आता सुपारी सोलायला बसायचे दिवस आले, म्हणजे मधला अख्खा पावसाळा, गणपती आणि दिवाळी यांचा हिशोब द्यायचा राहिलाय. आधी निकाल सांगून टाकते. कंबर अजून दुखते, पण अडवत नाही. दुखण्याला दहापैकी आकडा द्यायची सवय लावून घेतली आहे. सकाळी उठल्यावर तो पूर्वी सहा-सात असायचा, हल्ली दोन-तीन असतो. लावणीच्या आठवड्यात पाचावर चढला आणि दोन-तीन दिवसांत आपला आपण खाली आला. मला या खाली येण्याचंच जास्त अप्रूप वाटतं. पूर्वी चढलेला आकडा महिनाभर हलायचा नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मी गुहागरची. पुढे रस्ता, मागे आगर, आगरापलीकडे पुळण. घरातली निम्मी कामं वाकून आणि उरलेली खाली बसून. दुखणं कमरेच्या खालच्या भागात, पायात कळ उतरत नाही. डॉक्टरांनी तपासून स्नायूंचं आहे म्हणून सांगितलं, चिपळुणात एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाया घालून दिला, पुढे पिलाटीज या व्यायामप्रकाराचे ऑनलाइन वर्ग. पायात ताकद कमी वाटणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दुखण्याबरोबर ताप किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं यातलं काहीही असेल तर मॅट गुंडाळून ठेवा आणि तडक डॉक्टरकडे जा.

वर्गात नव्याने आलेल्या एकीने विचारलं, "ताई, 34 पूर्ण व्हायला किती दिवस लागतात?" ज्यांच्या नावाने हा व्यायामप्रकार ओळखला जातो त्या जोसेफ पिलाटीज यांनी 1945 साली मॅटवरचे 34 व्यायाम क्रमाने छापले, तेव्हापासून लोकांना ते पाठ करायच्या स्तोत्रासारखे वाटतात. माणूस 1883 साली जर्मनीत जन्मला, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्थानबद्धांच्या छावणीत राहिला, 1926 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पत्नी क्लारासोबत तिथे व्यायामशाळा चालवली. नर्तक मंडळी त्यांच्याकडे जायची. आता ती यादी नीट वाचा. निम्मे तरी व्यायाम पाठ गोल करायला लावतात: रोल अप (आडवं असताना पाठ गोल करत उठून बसणं), रोल ओव्हर, रोलिंग, नेक पुल, टीझर, सील, बूमरँग. नर्तकीला ठीक आहे. विळीवर नारळ खवणारी, सुपाऱ्या सोलणारी, केर काढणारी बाई दिवसभर पाठ गोल करूनच असते. तिने संध्याकाळी मॅटवर पुन्हा तेच का करायचं? म्हणून माझ्या वहीत 34 नाहीत. मोजके आहेत, आणि त्यातलेही बरेचसे मूळ व्यायामाच्या आधीच्या पायऱ्या.

सुरुवात श्वासाची. पाठीवर आडवं, गुडघे वर, तळवे जमिनीला. नाकाने श्वास घेताना पोट न फुगवता बरगड्या दोन्ही बाजूंना रुंद होऊ द्यायच्या. सोडताना बेंबीखालचा भाग अलगद आत घ्यायचा आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेही हलकेच वर ओढायचे. अलगद हा शब्द महत्त्वाचा. पूर्ण ताकदीने पोट आवळलं की श्वास अडकतो आणि पाठ ताठते. पोटाचा सर्वात आतला, पट्ट्यासारखा आडवा स्नायू हात-पाय हलण्याच्या आधी काम सुरू करतो, पण कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो, असं हॉजेस आणि रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं. तोच एक स्नायू सुधारला की दुखणं संपतं, असं मात्र कुणी समजू नये. मला या श्वासाचा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला. विहिरीवर भरलेली कळशी उचलताना आता श्वास आपोआप सुटतो. पूर्वी मी तो रोखून धरायचे.

मग टो टॅप. दोन्ही पाय टेबलटॉपमध्ये, म्हणजे गुडघे खुब्यांच्या वर आणि पोटऱ्या जमिनीला समांतर. एकेक पाऊल जमिनीला टेकवून परत वर. कमरेखालची पोकळी वाढता कामा नये, जमिनीत दाबलीही जाता कामा नये. पाहायला हास्यास्पद सोपं दिसतं. सासूबाई ओटीवरून बघून म्हणाल्या, "काय गो, आडवं पडून कसला व्यायाम?" मी म्हटलं, "आई, या तुम्हीही." त्या खरंच आल्या आणि चौथ्या टॅपला म्हणाल्या, "पोटात थरथरतंय गो." त्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्यामुळे त्यांना पाठ गोल करून वर उठायचा एकही व्यायाम देत नाही. ठिसूळ मणक्यांवर त्याने दाब येतो, अस्थिभंगाची भीती असते. श्वास, ब्रिज (पाठीवर पडून, गुडघे वर ठेवून कंबर उचलणं) आणि भिंतीला धरून टाचा उचलणं, एवढंच. तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

हंड्रेड, म्हणजे पाठीवर पडून हात वरखाली हलवत शंभर आकडे मोजायचा व्यायाम, मी डोकं खाली ठेवूनच करते. पाच आकडे श्वास आत, पाच बाहेर, असे दहा फेरे. डोकं वर उचलायला ना नाही, पण माझी मान आधी ओरडते आणि पोटाला काम उरत नाही. शोल्डर ब्रिज आता एक पाय उचलून जमतो. उजवा पाय उचलला की ओटीपोटाची एक बाजू खाली घसरायची, ते गणपतीनंतर थांबलं. स्विमिंग नावाचा व्यायाम अजून पालथं पडून करत नाही, गुडघे-हात टेकवून समोरचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करते. कमरेवर स्टीलची ताटली ठेवून बघा, ती वाजली की कुठे डळमळतो ते कळतं. ही युक्ती वर्गातली नाही, आमच्या घरची.

सगळ्यात आवडता स्वान. मूळचा डुलणारा स्वान डाइव्ह नव्हे, पालथं पडून हातांच्या आधाराने फक्त छाती उचलायची, ओटीपोट जमिनीवरच. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला हाच उलटा रस्ता मिळतो. दोन्ही खांद्यांमधे तटतटणारी जागा मोकळी होते. मात्र कमरेत चिमटा बसतो म्हणणाऱ्यांनी कोपरांवरच थांबावं.

लावणी माहेरी केली, शृंगारतळीच्या पुढे. यंदा ठरवून दोनच गोष्टी पाळल्या. एक, वाकणं खुब्यातून, गुडघे सैल, ढुंगण मागे. दोन, ओळ संपली की उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकायचं. वहिनी हसल्या, दुसऱ्या दिवशी त्याही झुकायला लागल्या. चिखलात पाय रुतलेला असताना खुब्यातून वाकणं सोपं नाही, दुपारनंतर माझीही पाठ गोल व्हायचीच. आकडा पाचावर गेला तो त्यामुळे.

सकाळी उठल्याउठल्या व्यायाम करणं मी बंद केलंय. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा पुढे वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. सकाळचं वाकणं टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी होते, असा 1998 चा एक अभ्यासही आहे. आता चहा, अंगण, देवपूजा आणि मग मॅट.

शेजारच्या काकांनी कमरेचा पट्टा घ्यायचा सल्ला दिला, स्वतःचा काढून दाखवलाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात व्यायामाची शिफारस आहे आणि पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत म्हटलंय. काकांना तसं सांगितलं. ते पट्टा लावूनच फिरतात.

आणि पिलाटीजचे भक्त रागावतील, पण 2015 चा कोक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा) वाचून ठेवा. 10 चाचण्या, 510 माणसं. काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटीजने दुखणं आणि अडचण कमी होते, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा पक्का पुरावा नाही. मग पिलाटीजच का? मला करावंसं वाटतं म्हणून. चालायला जाते तेव्हा मी चौथ्या दिवशी कंटाळते. इथे कंटाळा येत नाही, एवढं कारण मला पुरतं.

सामानाचं बोलायचं तर योगाची सहा मिलिमीटरची मॅट लादीवर पुरत नाही, ब्रिजमधून खाली येताना मणका न् मणका टोचतो. मी खाली जुनी सतरंजी घालते. पावसाळ्यात मॅटला बुरशी धरते, घामाचा वास जात नाही. व्हिनेगर-पाण्याने पुसून चुलीच्या वरच्या दांडीवर टाकायची, धुराचा वास येतो पण बुरशी येत नाही. रोल अप करायचाच असेल तर पंचा तळव्यांमागून घेऊन दोन्ही टोकं धरावीत, रबरी पट्टीची गरज नाही.

पुढचा टप्पा डावी बाजू. गुडघे टेकवून साइड बेंडमध्ये (एका हातावर भार देऊन कुशीवर अंग उचलून धरणं) उजव्या कुशीवर अर्धं मिनिट आरामात राहते, डावीवर त्याच्या निम्म्यात खांदा कानाशी येतो. सुपारी सोलताना मी उजवीकडेच कलून बसते, हे नवऱ्याने काढलेल्या फोटोत दिसलं. आता पाटाखाली दुमडलेलं पोतं घेऊन बैठक उंच केली आहे आणि टोपली डावीकडे ठेवली आहे. आंब्याच्या पेट्या उचलायच्या दिवसांपर्यंत दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात. कुणाची एकच बाजू अशी मागे असेल तर कमजोर बाजूचे फेरे वाढवता की दोन्हींचे सारखेच ठेवता? आमच्या वर्गात यावर दोन तट आहेत.