आमची वाटचाल : आकडा तिसऱ्या रनचा

वर्कशॉप सुरू होण्याआधी आमच्याकडे एकच गाडी होती, आणि तीही धड चालत नव्हती. पहिल्या पिढीतली निळी स्कोडा फाबिया आरएस. ब्रिटनमध्ये हिलाच व्हीआरएस म्हणतात. २००३ साली ही गाडी आली तेव्हा स्कोडाने एक धाडस केलं होतं: छोट्या हॅचबॅकची सगळ्यात तडफदार आवृत्ती काढायची आणि तिला फक्त डिझेल इंजिन द्यायचं, पेट्रोलचा पर्यायच ठेवायचा नाही. १.९ लिटर, १३० पीएस (म्हणजे साधारण अश्वशक्ती), ३१० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. त्याच सुमाराच्या १.८ टर्बो पेट्रोल गोल्फ जीटीआयचा टॉर्क २१० होता. ताकद तिची जास्त, म्हणजे १५० पीएस, पण चालत्या गाडीत गिअर न बदलता पाय दाबला की पुढे कोण निघायचं, ते या दोन टॉर्कच्या आकड्यांतच लिहिलेलं आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी साठवलेल्या पैशांत बसेल अशी ही एकच 'जोरकस' गाडी होती. कितव्या हातची ते आम्ही मुद्दाम मोजलं नाही. चालवायला मजेची, डिझेल कमी पिणारी आणि बाहेरून अगदी साधी. शेजाऱ्यांना ती भाजी आणायची गाडीच वाटायची.

रोग एकच होता. चढावर, चौथ्या गिअरमध्ये, तीन हजार आरपीएमच्या आसपास पाय दाबला की गाडी अचानक मरायची. बंद नाही पडायची, नुसता जीव जायचा. रस्त्याच्या कडेला थांबून किल्ली बंद-चालू केली की पुन्हा टुणटुणीत. आम्हाला वाटलं, ताकद कमी पडतेय. म्हणून आम्ही एक ट्यूनिंग बॉक्स आणला. वायरिंगच्या मध्ये जोडायचा आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, खोटी माहिती देऊन जास्त डिझेल ओतून घ्यायचं, एवढंच त्या डबीचं काम. बॉक्स लावल्यावर गाडी महिन्यातून एकदा मरायची ती दिवसातून दोनदा मरायला लागली.

आमच्या धंद्याचं शिक्षण खरं तर इथे झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या इंजिनच्या टर्बोत (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) एक्झॉस्टच्या बाजूला चाकाभोवती छोट्या हलत्या पात्या असतात. आरपीएम कमी असताना त्या मिटतात, वाट अरुंद होते, वायू जोरात चाकावर आदळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. वेग वाढला की पात्या उघडतात. हे सगळं व्हॅक्यूमवर चालतं: एक पंप, एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), दोन-तीन रबरी नळ्या आणि टर्बोवरची एक डबी. गाडी वर्षानुवर्षं शहरात हळूहळू फिरली की पात्यांच्या कडीत काजळी बसते. मग पात्या मिटतात, पण वेळेवर उघडत नाहीत. प्रेशर मर्यादेच्या वर जातं, ईसीयू घाबरतो आणि इंजिन वाचवण्यासाठी ताकद काढून घेतो. किल्ली फिरवेपर्यंत तो ती परत देत नाही.

थोडक्यात, आमची गाडी कमी प्रेशरमुळे मरत नव्हती, जास्त प्रेशरमुळे मरत होती. आणि आम्ही वर बॉक्स लावून तिला आणखी डिझेल पाजत होतो. लॅपटॉप जोडून तिसऱ्या गिअरमध्ये पहिली नोंद घेतली तेव्हा ईसीयूच्या मागणीची रेषा २२०० मिलिबारवर (म्हणजे २.२ बार) होती आणि प्रत्यक्षाची रेषा २५५० ला जाऊन सपाट झाली होती. खरं प्रेशर किती होतं ते देव जाणे, कारण सेन्सरचाच आवाका अडीच बारच्या आसपास संपतो. भावाने टर्बो उतरवला, दोन रात्री त्यातली काजळी खरवडली, सगळ्या व्हॅक्यूम नळ्या बदलल्या. गाडी अशी ओढायला लागली की बॉक्सची आठवणही राहिली नाही. तो बॉक्स अजून ड्रॉवरमध्ये आहे. नवीन हेल्पर आला की त्याला आधी तो दाखवतो.

ही दुरुस्ती ऐकून ओळखीचे लोक यायला लागले. शेड भाड्याने घेतली, सेकंडहँड लिफ्ट बसवली. पहिलं वर्षभर आम्ही ट्यूनिंग करत नव्हतो असं म्हटलं तरी चालेल. जुन्या डिझेल हॅचबॅक 'कंपनीतून निघाल्यासारख्या' करून देत होतो. सीआट इबिझा, गोल्फ, फाबिया, फोक्सवॅगन घराण्यातल्या पंप-इंजेक्टरवाल्या गाड्या, म्हणजे ज्यांत डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरलाच पंप जोडलेला असतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, रिमॅप करून द्या," म्हणजे ताकदीसाठी ईसीयूतलं सॉफ्टवेअर बदलून द्या. आम्ही नोंद घ्यायचो, हवा मोजणारा सेन्सर म्हातारा झालेला सापडायचा. तो हवा कमी सांगतो, ईसीयूला वाटतं धूर होईल, म्हणून तो डिझेल कमी देतो. सेन्सर बदलला की गिऱ्हाईक म्हणायचं, "रिमॅप झकास झालाय!" आम्ही पैसे सेन्सरचेच घ्यायचो. भावाच्या मते हा माझा मूर्खपणा होता.

मग आम्ही खरोखर रिमॅप करायला लागलो आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो. फाईल आम्ही बाहेरून विकत घेत होतो. मूळ फाईल पाठवायची, बदललेली परत यायची, ती ईसीयूत भरायची. आत काय बदललंय ते बघायची आमची अक्कल नव्हती. एका गिऱ्हाइकाची गाडी अशीच करून दिली. ट्रायलला तो हसत होता, मीही हसत होतो. १८०० आरपीएमला अशी लाथ बसायची की मान मागे जायची. मागे काळा धूर निघायचा, तोही त्याला आवडला. तीन आठवड्यांत क्लच घसरायला लागला आणि पाठोपाठ दुहेरी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचे झटके शोषणारं जड चाक, खडखडायला लागलं. गिअरबॉक्स उतरवून क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही आमच्या खर्चाने बसवलं. तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. फाईल देणाऱ्याने हात वर केले, पण दोष त्याच्यावर ढकलून काय उपयोग? किल्ली तर आमच्या हातून दिली गेली होती.

त्यानंतर सहा महिने बाहेरची एकही फाईल वापरली नाही. रात्री बसून आतले तक्ते वाचायला शिकलो. डिझेलमध्ये पेट्रोलसारखं थ्रॉटलवर काम चालत नाही. हवा येईल तेवढी येऊ देतात आणि ताकद ठरते ती डिझेल किती टाकलं यावर. त्यामुळे डिझेल वाढवणं हे जगातलं सर्वांत सोपं काम आहे, कोणीही करतो. खरं काम म्हणजे ते कुठे वाढवायचं नाही हे ठरवणं. पायाची मागणी सांगणारा तक्ता वेगळा, टॉर्कची मर्यादा वेगळी, हवेच्या मापावरून धूर रोखणारी मर्यादा वेगळी, इंजेक्टर किती अंश उघडा राहील ते वेगळं, प्रेशर वेगळं. एक ओढला की दुसरा अडवतो. अनाडी माणूस सगळ्या मर्यादा आकाशाला टेकवून मोकळा होतो.

आम्ही काय करतो ते सांगायला हरकत नाही, त्यात गुपित काही नाही. २००० आरपीएमच्या खाली टॉर्क जवळजवळ कंपनीचाच ठेवतो. कनेक्टिंग रॉड, क्लच आणि फ्लायव्हील यांचा काळ तिथे बसलेला असतो, कारण इंजिन हळू फिरत असताना प्रत्येक धक्का पूर्ण वजनाने बसतो. २२०० च्या पुढे हळूहळू चढवत नेतो आणि ३७० न्यूटन मीटरच्या आसपास थांबतो. मूळ क्लच त्याच्या पुढे टिकलेला आम्ही क्वचितच पाहिलाय. ३५०० ते ४२०० मध्ये मात्र थोडं मोकळं सोडतो, कारण कंपनीची गाडी तिथे दम सोडते. १६५ पीएसच्या आसपास मिळतात. मान मागे जात नाही. काही गिऱ्हाइकं ट्रायलनंतर चेहरा पाडतात: "लाथ नाही बसली." मी त्यांना स्टॉपवॉच दाखवतो.

डायनोबद्दल, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायच्या यंत्राबद्दल, एक स्पष्ट सांगतो, कुणाला राग आला तर येवो. फाबियाचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा) छोटा, तोही एका बाजूला, चाकाच्या कमानीपाशी दडवलेला. पहिल्या रनला, म्हणजे मोजणीच्या पहिल्या फेरीला, तो थंड असतो, आकडा छान येतो. दुसऱ्या रनला तापतो. तिसऱ्याला आत जाणारी हवा इतकी गरम असते की आकडा खाली येतो, आणि रस्त्यावर चढ चढताना गाडी असते ती याच अवस्थेत. बहुतेक लोकांच्या हातातला कागद पहिल्या रनचा असतो. आम्ही डायनो भाड्याने वापरतो, लागोपाठ तीन रन घेतो आणि तिसऱ्याचा कागद देतो. त्यामुळे आमच्या गाड्या कागदावर नेहमी दहा-बारा पीएसने गरीब दिसतात. यापायी काही कामं हातची गेली. पुढे मोठा इंटरकूलर बसवणारे गिऱ्हाईक मात्र याच कागदामुळे मिळाले, हेही खरं.

मायलेजच्या बाबतीतही असंच. रिमॅपने मायलेज वाढतं अशी जाहिरात आम्ही कधी केली नाही. गाडीतला डिस्प्ले डिझेल मोजत नाही. ईसीयूने किती टाकायला सांगितलं त्यावरून हिशोब करतो. रिमॅप करणाऱ्याने इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ तक्त्यातच वाढवला, तर ईसीयूला वाटतं जुनंच माप चाललंय, आणि डिस्प्ले खुशीत जास्त किलोमीटर दाखवतो. टाकी भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा टाकी भरून भागाकार करा. काही जणांचं थोडं वाढतंही, कारण टॉर्क मिळाल्यावर ते वरच्या गिअरमध्ये निवांत चालवतात. ते श्रेय त्यांच्या पायाचं.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती ऑइलवरून. या इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप-इंजेक्टर असतो आणि तो दाबणारा उंचवटा कॅमशाफ्टवरच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच, असतो. दोन हजार बारच्या वर दाब तयार करायचा, तर त्याला जागाही भरपूर लागते, म्हणून व्हॉल्व्हचे उंचवटे बिचारे अरुंद राहिले. त्यांच्यावर भार मोठा. फोक्सवॅगनने यासाठी ऑइलचं वेगळं मानक काढलं, ५०५.०१. जुन्या मालकांपैकी कुणीतरी स्वस्तातलं साधं ऑइल टाकलेलं असतं आणि कॅम चाटून गेलेला असतो. इनटेकमधून दम लागल्यासारखा फुसफुस आवाज येतो. आता आम्ही रिमॅपआधी रॉकर कव्हर उघडून कॅमवर बोट फिरवतो. याचे वेगळे पैसे लागतात म्हटलं की गिऱ्हाईक कुरकुर करतं: "मला फक्त सॉफ्टवेअर हवंय." चाटलेल्या कॅमवर सॉफ्टवेअर टाकायला मी नकार देतो.

नकाराचं आणखी एक खातं आहे. पुढच्या कॉमन रेल गाड्यांत (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या), म्हणजे २००९ च्या गोल्फ जीटीडीसारख्या, धुराचा फिल्टर असतो. तो पोखरून काढा आणि सॉफ्टवेअरमधून त्याचं नाव पुसा, अशी मागणी दर आठवड्याला येते. आम्ही करत नाही. फिल्टर तुंबलाय तर का तुंबला ते शोधतो. बहुतेक वेळा फुटलेली टर्बोची नळी, थकलेला सेन्सर किंवा नुसताच दोन-दोन किलोमीटरचा प्रवास निघतो. धुराच्या बाबतीत सुरुवातीला आम्हीही काही संत नव्हतो, त्या काळ्या ढगावर मीही हसलो होतो. आता आरशात ढग दिसला की पहिली शंका स्वतःच्या फाईलवर घेतो, कारण काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेलं, पण न जळलेलं डिझेल.

ब्रेक, टायर, सस्पेन्शन यांवर लिहावं तेवढं थोडं, पण आमचं ते मुख्य काम नाही. एवढंच सांगतो की या गाडीचं नाक जड आहे, लोखंडी इंजिन पुढच्या चाकांवर बसलेलं. चांगले टायर न घालता रिमॅप मागणाऱ्याला आम्ही आधी टायरच्या दुकानात पाठवतो.

आज आम्ही चौघे आहोत, दोन लिफ्ट आहेत. पंप-इंजेक्टरच्या गाड्या कमी होत चालल्यात. ज्या उरल्यात त्यांचे मालक हट्टी आहेत, आणि त्यांच्याच जोरावर आमची शेड चालते. ताकदीपेक्षा पुनरुज्जीवनाचं काम जास्त आहे: हेड, कॅम, वायरिंगचे कुजलेले सॉकेट, सायलेन्सरचे गंजलेले क्लॅम्प.

निळी फाबिया अजून आहे. तीन लाख किलोमीटर उलटले आणि गेल्या महिन्यात तिच्याच कॅमने दगा दिला, आमच्या डोळ्यांदेखत, आम्ही टाकलेल्या योग्य ऑइलवर. पहिल्या मालकांचं पाप असेल, किंवा नसेलही. नवा कॅमशाफ्ट, लिफ्टर आणि बेअरिंगच्या वाट्या टेबलावर मांडून ठेवल्यात. भावाला याच निमित्ताने मोठा टर्बो बसवायचाय. मी म्हणतो, मूळचाच राहू दे, घरात एक तरी गाडी मापाला हवी. हा वाद मिटलेला नाही. रॉकरचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नव्यांची ऑर्डर दिली आहे. ते येईपर्यंत दोघांनाही वाद घालायला चार दिवस आहेत.