फ्लोरिसंट: दगडाच्या पापुद्र्यांतले कीटक

अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातून महामार्ग २४ ने पश्चिमेकडे निघाले की तासाभरात फ्लोरिसंट गाव लागते आणि तेथून दक्षिणेला वळल्यावर थोड्याच अंतरावर 'फ्लोरिसंट फॉसिल बेड्स' हे राष्ट्रीय स्मारक येते. बहुतेक पर्यटक रेडवूड वृक्षांच्या दगड झालेल्या अजस्र बुंध्यांपाशी छायाचित्रे काढून परततात. बुंधे पाहण्यासारखे आहेतच, पण या जागेचे खरे मोल नखाएवढ्या कीटकांत आहे. म्हणून आधी माहिती केंद्र आणि मग पायवाटा, असा क्रम ठेवावा.

सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी गफी ज्वालामुखीकडून वाहत आलेल्या चिखलाने येथील ओढा अडला आणि सरोवर तयार झाले. राखेतील सिलिका पाण्यात उतरली की डायटम नावाची सूक्ष्म शैवाले बेसुमार वाढत. त्यांच्या बुळबुळीत तवंगात अडकलेले कीटक तळाशी जात आणि वरून राखेची माती बसे. या थरांचाच कागदासारखा पातळ शेल खडक झाला. केंद्रातील काचेमागच्या एका नमुन्यावर नुसता तपकिरी डाग दिसत होता. भिंगातून पाहिल्यावर ती माशी निघाली आणि तिच्या पंखांच्या शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. कीटकाचे कूळ ठरवताना अभ्यासकांना या शिरांचाच मोठा आधार असतो.

कीटकांच्या जीवाश्मांचे अभ्यासक सॅम्युएल स्कडर यांनी येथील शेकडो कीटकजातींचे वर्णन केले. त्यांनी १८७८ मध्ये नाव दिलेले 'प्रोड्रायस पर्सेफोनी' हे फुलपाखरू मात्र शार्लट हिल या येथेच राहणाऱ्या शेतकरी स्त्रीला सापडले होते, आणि तिचे नाव याहून ठळकपणे घेतले जायला हवे. मूळ नमुना हार्वर्डच्या संग्रहालयात असल्याने तो येथे पाहायला मिळेल या आशेने येऊ नये. पुढे कीटकतज्ज्ञ कॉकरेल यांनी येथील जीवाश्मांत त्सेत्से माशी ओळखली, जी आज आफ्रिकेत आढळते. या जमिनीवर घरांचे भूखंड पडण्याच्या बेतात होते. न्यायालयीन लढ्यानंतर १९६९ मध्ये तिला संरक्षण मिळाले.

स्मारकाच्या हद्दीतून दगडाचा कपचाही उचलणे बेकायदा आहे. ज्यांना स्वतः शेल फोडून पाहायचा आहे, त्यांनी जवळच्या खासगी खाणीत शुल्क भरून जावे. ती कधी उघडी असते आणि सापडलेले काय नेता येते, हे आधी विचारून घ्यावे. पात्याची धार थराच्या कडेला लावून हलकेच दाबावे, जोर केला तर पापुद्रा मधोमध तुटतो. उघडलेला पृष्ठभाग उन्हात तिरका धरल्यास फिकट ठसेही उठून दिसतात, आणि दोन्ही भाग जपावेत, कारण एका कीटकाचा ठसा दोहोंवर विभागलेला असतो.

जागा सुमारे २,५०० मीटर उंचीवर असल्याने भरपूर पाणी प्यावे आणि पहिल्या दिवशी दमाने चालावे. उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस येतो, तेव्हा पायवाटा सकाळीच उरकाव्यात. हिवाळ्यात केंद्राच्या वेळा बदलतात, त्या निघण्यापूर्वी तपासाव्यात. दहापट मोठे दाखवणारे भिंग सोबत नसेल, तर वाटेत विकत घ्यावे.